सह्याद्रीतील दरडप्रवाहांचे भाकीत : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पावसाळ्यात सह्याद्रीत कोसळणाऱ्या सर्वच दरडी एका जातीच्या नसतात. काही ठिकाणी कड्याचा खडक सुटून पायथ्याशीच थांबतो. काही ठिकाणी मात्र पाण्याने भिजलेली माती, मुरूम, दगडगोटे व उन्मळलेली झाडे यांचा एकजीव लोंढा उतारावरून वा ओढ्याच्या वाटेने वेगाने खाली येतो. या दुसऱ्या प्रकारास प्रस्तुत लेखात ‘दरडप्रवाह’ असे संबोधले आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे १५१ जण मृत्युमुखी पडले. त्या गावाची वार्ता बाहेर पोहोचली ती सकाळच्या फेरीस आलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली; २७ मृतदेह हाती लागले व ५७ जण बेपत्ता राहिले. याच डोंगररांगेत वसलेल्या मुळशी तालुक्याच्या दृष्टीने प्रचलित भाकीतपद्धती कितपत पुरेशी आहे, याची चिकित्सा येथे केली आहे.

नकाशा व यादी यांची मर्यादा

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशव्यापी भूस्खलन-प्रवणता नकाशांचे काम हाती घेतले. विस्तीर्ण प्रदेशाचे एकाच निकषाने झालेले चित्रण म्हणून त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु हे नकाशे १ : ५०,००० या प्रमाणावरील आहेत. म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर हे जमिनीवरील ५०० मीटर होत. दीडशे मीटर रुंदीची वाडी त्यावर तीन मिलिमीटरांत मावते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. उतार, खडक, मातीचा थर, वनाच्छादन व पूर्वीच्या दरडी यांवरून ‘दरड कोठे सुटेल’ हे असा नकाशा सांगतो. ‘सुटलेली दरड कोठवर जाईल’ हे सांगत नाही. डोंगरातील वस्ती स्वाभाविकपणे कमी उताराच्या जागी असते. त्यामुळे नकाशावर ती सौम्य रंगात दिसू शकते आणि धोका मात्र तिच्या माथ्यावरील उतारात असतो. इर्शाळवाडीचा समावेश दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हता. यास केवळ नजरचूक मानण्यापेक्षा मूळ प्रश्नच अपुरा होता, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

पावसाच्या उंबरठ्याचा प्रश्न

१९८० साली केन या अभ्यासकाने जगभरातील ७३ घटनांच्या आधारे पावसाची तीव्रता व कालावधी यांचे एक सूत्र मांडले. ती मर्यादा ओलांडल्यावर दरडीचा धोका संभवतो, ही त्यामागील कल्पना होय. मुळशीत हे सूत्र जसेच्या तसे लावणे कठीण आहे. तालुक्याचे ठाणे असलेले पौड पूर्वेकडे, तर ताम्हिणी घाट पश्चिमेच्या धारेवर आहे. दोहोंच्या पर्जन्यमानात मोठी तफावत आहे. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणी येथे साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. पौडच्या आकड्यावरून ताम्हिणीचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे ठरते. शिवाय अतिवृष्टीच्या प्रदेशातील उतार त्या पावसास काही अंशी सरावलेले असतात. वार्षिक सरासरीशी सांगड न घालता मर्यादा ठरविल्यास प्रत्येक पावसाळ्यात इशारे वारंवार दिले जातील आणि लोक ते मनावर घेईनासे होतील.

गणिती प्रतिमानांची चिकित्सा

लोंढ्याची वाट व पोच काढण्यासाठी वापरली जाणारी अनेक प्रतिमाने व्होल्मी यांनी १९५५ मध्ये हिमप्रपातांसाठी मांडलेल्या घर्षणसूत्रावर आधारलेली आहेत. त्यातील गुणांक बहुधा घडून गेलेल्या घटनेशी मेळ घालून ठरविले जातात. असा मेळ म्हणजे घटनेचे वर्णन होय. त्यास भाकीत म्हणता येत नाही. अमेरिकेत ओरेगन येथे १९९१ साली बांधलेल्या ९५ मीटर लांबीच्या पन्हळीतील प्रयोगांनी प्रवाहातील कणांमधील पाण्याच्या दाबाचे निर्णायक महत्त्व दाखविले. वाटेतील भिजलेली माती ओढून घेत लोंढा अधिक बलवान होऊ शकतो, हेही त्यांतून स्पष्ट झाले. सह्याद्रीत बेसाल्टवरील चिकणमातीयुक्त थर, मुरूम व उतारांवरील भातखाचरे यांचा यात वाटा किती, हे आल्प्समधील गुणांक सांगू शकत नाहीत. त्यासाठी येथल्याच ओढ्यांवर मोजणी आवश्यक आहे.

भाकीत अचूक असणे शक्य नसेल तर त्याचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर भाकिताच्या स्वरूपात आहे. एकच रेषा आखण्याऐवजी लहान, मध्यम व मोठी दरड सुटल्यास लोंढा कोठवर पोहोचेल, अशा तीन मर्यादा दाखविता येतात. त्यांतील अनिश्चितता उघडपणे नोंदविली, तर कोणते घर हलवावे आणि रात्री कोणत्या वाटेने जाऊ नये, हे ग्रामसभेस ठरविता येईल.

समारोप

१९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी केलेल्या सत्याग्रहाने मुळशीचे नाव देशभर झाले. विस्थापनाचा असा इतिहास असलेल्या तालुक्यात ‘वाडी हलवा’ हा सल्ला साधा नसतो. अपुऱ्या पुराव्यावर दिलेला सल्ला लोकांची जमीन घेऊ शकतो आणि न दिलेला सल्ला त्यांचा जीव. म्हणून प्रत्येक ओढ्यातील जुन्या दरडींच्या गोट्यांची नोंद, वाडीच्या वरच्या अंगास पर्जन्यमापक आणि ग्रामस्थांच्या स्मरणातील घटनांचे संकलन ही कामे प्रतिमानाच्या आधी व्हावयास हवीत. महाविद्यालयांचे भूगोल विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांच्या आवाक्यातील हे काम आहे. अशी माहिती हाती आल्यानंतरच गणिती भाकितास या डोंगरात आधार मिळेल.