विकेटची किंमत आणि सत्तावीस आउट

१२ जून २०२४. न्यूयॉर्कजवळ नासाऊ काउंटीत तात्पुरतं उभारलेलं स्टेडियम, टी-२० विश्वचषकातला भारत-अमेरिका सामना. भारताला ३० चेंडूंत ३५ धावा हव्या होत्या आणि पुढचा चेंडू पडायच्या आतच हे गणित ३० चेंडूंत ३० धावांवर आलं. कुणी चौकार मारला नव्हता, वाइडही पडला नव्हता. एक षटक संपल्यावर पुढचं षटक ६० सेकंदांत सुरू करायचं असतं. अमेरिकेने ती मर्यादा डावात तिसऱ्यांदा ओलांडली, म्हणून पंचांनी भारताला पाच धावा देऊन टाकल्या. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच मिनिटं फक्त प्रश्नचिन्हं येत होती.

गंमत म्हणजे आदल्याच वर्षी, २०२३मध्ये, अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलनेही आपल्या खेळात घड्याळ आणलं होतं. बेस रिकामे असतील तर पिचरने १५ सेकंदांत चेंडू फेकायला सुरुवात करायची. उशीर पिचरने केला तर बॅटरचा फायदा, बॅटरने केला तर पिचरचा. कारण दोन्हीकडे सारखंच होतं: लोकांना कंटाळा येतोय, सामने लांबतायत.

हे दोन खेळ एकमेकांसारखे होत चाललेत, असं म्हणायची त्यामुळे सोय झाली. ‘टी-२० म्हणजे क्रिकेटचं बेसबॉल झालं’ हे वाक्य माझ्या वडिलांच्या पिढीकडून तक्रार म्हणून ऐकू येतं आणि आमच्या पिढीकडून कौतुक म्हणून. वरवर पाहिलं तर ते पटतंही. शहरांच्या नावाचे संघ, संध्याकाळचे सामने, चेंडू प्रेक्षकांत गेला की नाचगाणी. आयपीएलमध्ये २०२३पासून आलेला इम्पॅक्ट प्लेअरसुद्धा बेसबॉलच्या डेझिग्नेटेड हिटरचा लांबचा भाऊ वाटतो. पण नियमांच्या आत शिरून हिशेब मांडला, तर मला हे वाक्य साफ उलटं वाटतं. बेसबॉल टी-२०सारखा नाही. त्याचं नातं आहे ते कसोटीशी.

आधी बेसबॉल थोडक्यात. प्रत्येक संघाला नऊ इनिंग मिळतात. एका इनिंगमध्ये तीन जण आउट झाले की पाळी संपली. म्हणजे एका संघाच्या हातात एकूण २७ आउट. पिचरचा योग्य टप्प्यातला चेंडू बॅटरने सोडला किंवा त्याला तो लागला नाही, तर तो स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट. टप्प्याबाहेरचे चार चेंडू त्याने सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकटात मिळतो. याला वॉक म्हणतात. चारही बेस फिरून घरी आलं की एक रन. बॅटर आउट झाला तरी आपला नंबर आला की पुन्हा खेळायला येतो. एका सामन्यात साधारण चार वेळा.

आता एकच प्रश्न विचारायचा: इथे टंचाई कशाची आहे? प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आम्ही आधी हेच बघतो, की मेमरी कमी पडतेय की प्रोसेसर. खेळाचंही तसंच आहे. जी गोष्ट मोजकी आहे, तिच्याभोवती सगळे डावपेच उभे राहतात.

बेसबॉलमध्ये आउट मोजके आहेत, चेंडू नाहीत. दोन स्ट्राइक झाल्यानंतर बॅटरने चेंडू मैदानाच्या रेषेबाहेर, म्हणजे फाउल, टोलवला तर तो सहसा मोजत नाहीत. बॅटर खेळतच राहतो. एप्रिल २०१८मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा ब्रँडन बेल्ट एकाच पाळीत २१ चेंडू खेळला. बारा मिनिटांहून जास्त वेळ तो नको ते चेंडू सोडत होता, सोडता न येणारे रेषेबाहेर टोलवत होता. शेवटी झेलबाद झाला. हाती रन शून्य, तरी त्या पाळीची आजही आठवण काढतात, कारण त्याने पिचरला दमवलं होतं. ही गोष्ट आपल्याकडे कोणाला कळेल? ऑफस्टंपबाहेरचे चेंडू तासभर सोडत बसणाऱ्या कसोटीच्या सलामीवीराला. टी-२०मध्ये २१ चेंडूंत शून्यावर बाद झालेल्या माणसाचं काय होईल, हे सांगायला नको.

क्रिकेटचा हिशेब सोपा आहे. टी-२०मध्ये १२० चेंडू आणि १० विकेट. एका विकेटमागे १२ चेंडू. वनडेत ३०० चेंडू. एका विकेटमागे ३०. कसोटीत रोजची ९० षटकं धरली, तर पाच दिवसांत २,७०० चेंडू आणि दोन्ही संघांच्या मिळून ४० विकेट. एका विकेटमागे सुमारे ६७ चेंडू. कसोटीत विकेट दुर्मीळ, टी-२०मध्ये चेंडू दुर्मीळ. आपण खेळ छोटा केला तेव्हा चेंडू कापले, विकेट मात्र दहाच्या दहा ठेवल्या. त्यामुळे विकेट आपोआप स्वस्त झाली. इम्पॅक्ट प्लेअरने एक जास्तीचा फलंदाज दिला आणि ती आणखी स्वस्त केली.

जुना हिशेब नव्या बाजारात चालत नाही, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईकराचंच आहे. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकातला पहिलाच दिवस. इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या. सुनील गावसकर पूर्ण ६० षटकं खेळले आणि १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. भारत ३ बाद १३२. सात विकेट खिशात ठेवून आपण २०२ धावांनी हरलो. या डावावर पन्नास वर्षं विनोद होतायत, आणि ते होणारच. पण ज्या ‘खडूस’ मुंबई क्रिकेटने भारताला इतके फलंदाज दिले, त्याचा पहिला धडाच ‘विकेट फेकायची नाही’ हा होता. कसोटीत त्याच धड्यावर गावसकर जगातल्या सगळ्या वेगवान गोलंदाजांसमोर उभे राहिले. धडा चुकीचा नव्हता. त्या दिवशी टंचाई दुसऱ्या गोष्टीची होती.

याच मुंबईत, वानखेडेवर, १० एप्रिल २०२२ रोजी नेमकं उलटं घडलं. राजस्थान रॉयल्सचा आर. अश्विन २३ चेंडूंत २८ धावांवर खेळत असताना स्वतःहून ‘रिटायर्ड आउट’ होऊन परत गेला, कारण उरलेले चेंडू त्याच्यापेक्षा जोरात मारणाऱ्या माणसाला मिळायला हवे होते. आयपीएलमध्ये असं पहिल्यांदाच झालं. राजस्थानने तो सामना तीन धावांनी जिंकला. तर्क पक्का होता. विकेट ही जपून ठेवायची गोष्ट राहिली नाही, सुट्ट्या पैशांसारखी खर्च करायची झाली.

याच काळात बेसबॉल कुठे चाललाय बघा. तिथे ‘सॅक्रिफाइस बंट’ नावाची जुनी, सभ्य मानली गेलेली खेळी आहे. बॅटर मुद्दाम चेंडू हळूच समोर ठेवतो, स्वतः आउट होतो आणि आपल्या साथीदाराला पुढच्या बेसवर पोचवतो. संघासाठी त्याग. पण आकडेवारीवाल्यांनी दाखवून दिलं, की मोजक्या २७पैकी एक आउट देऊन एक बेस मिळवणं हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा आहे. आज ही खेळी कमालीची कमी झाली आहे. म्हणजे बेसबॉलने आउट दान करणं सोडलं आणि क्रिकेटने सुरू केलं. दोघांनीही संगणकाला विचारूनच.

म्हणून आपल्याकडे टी-२०च्या आकडेमोडीला ‘मनीबॉल’ म्हणतात तेव्हा मला हसू येतं. मायकल लुईस यांचं ‘मनीबॉल’ हे पुस्तक २००३मध्ये आलं, पुढे त्यावर ब्रॅड पिटचा सिनेमा निघाला. ओकलंड ॲथलेटिक्स या कमी पैशांच्या संघाने काय ओळखलं, याची ती गोष्ट आहे. त्यांना दिसलं, की दिसायला देखणे फटके महाग विकले जातात, पण जो खेळाडू वॉक घेऊन का होईना, आउट न होता बेसवर पोचतो, तो स्वस्तात मिळतो. धडा होता: आउट होऊ नका. टी-२०चा धडा आहे: चेंडू वाया घालवू नका. पद्धत तीच, उत्तर नेमकं उलट. आपण नाव उचललं आणि उत्तरही तेच असेल असं धरून चाललो.

यावर कोणी म्हणेल, असेना का उलट, लोकांना आवडतंय ना? लोकप्रियतेसाठी नियम बदलावेच लागतात. इथे मला दुसरी शंका आहे. नियमांमुळे खेळ जगभर पसरतो, हेच इतिहासात फारसं दिसत नाही.

अमेरिकेत एके काळी क्रिकेट जोरात होतं. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४मध्ये न्यूयॉर्कला अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. बेसबॉलचा स्कोअर मांडायची पद्धत घडवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटचा वार्ताहर. १८६९च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या पहिल्या उघड व्यावसायिक संघाचा कर्णधार हॅरी राइट शेफील्डमध्ये जन्मलेला, क्रिकेटचा व्यावसायिक खेळाडू. यादवी युद्धाच्या छावण्यांत खेळपट्टी कोण बनवणार? बेसबॉलला मोकळं मैदान पुरत होतं. शिवाय नव्या देशाला इंग्रजांचा नसलेला खेळ हवा होता. मग जिथे अमेरिकी माणूस पोचला तिथे बेसबॉल पोचला: जपानमध्ये १८७२च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाबरोबर, क्युबात अमेरिकेत शिकून परतलेल्या विद्यार्थ्यांबरोबर. जिथे ब्रिटिश छावणी, तिथे क्रिकेट. मुंबईच्या पारशांनी १८४८मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, तेव्हा त्यांनी एलबीडब्ल्यूचा नियम बेसबॉलशी ताडून पाहिला नव्हता.

आजही तेच आहे. ‘क्रिकेट हा जगातला दोन नंबरचा लोकप्रिय खेळ’ हे आपण अभिमानाने फॉरवर्ड करतो. आयसीसीने २०१८मध्ये स्वतःची पाहणी जाहीर केली, तेव्हा जगभरातले चाहते शंभर कोटींहून जास्त निघाले आणि त्यातले सुमारे ९० टक्के भारतीय उपखंडातले. आकडा खरा आहे, फक्त ‘जगभरातले’ हा शब्द फार ओझं उचलतोय. बेसबॉलवाल्यांनीही हसायचं कारण नाही. त्यांच्या ‘वर्ल्ड सिरीज’च्या लीगमध्ये ३० संघ आहेत, त्यातले २९ अमेरिकेचे आणि एक टोरोंटोचा.

आणि अमेरिकेत क्रिकेट परत आलं ते कसं? ६ जून २०२४ रोजी अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. टेक्ससमधलं ते मैदान पूर्वी बेसबॉलचं होतं. सुपर ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईत वाढलेला, २०१०चा अंडर-१९ विश्वचषक भारताकडून खेळलेला, पुढे कॉर्नेलमध्ये शिकून ओरॅकलमध्ये इंजिनिअर झालेला. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना त्या रात्री आपलंच कोणीतरी जिंकल्यासारखं वाटलं. टी-२० सोपं आहे म्हणून टेक्ससच्या शेतकऱ्याला ते आवडायला लागलं, असं काही झालेलं नाही. माणसं स्थलांतरित झाली, खेळ त्यांच्या बॅगेतून गेला.

तेव्हा लोकप्रियतेच्या नावाखाली नियम बदलताना निदान काय कापतोय ते बघायला हवं. बेसबॉलने सामने छोटे केले ते दोन चेंडूंमधला रिकामा वेळ कापून. २०२२मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी तीन तासांच्या थोडा वर जात होता. २०२३मध्ये तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. २७ आउटना हात लावला नाही. आपण खेळच कापला आणि रिकामा वेळ ठेवला, उलट त्यात जाहिरातींचे ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ घातले. २४० चेंडूंचा आयपीएल सामना आज साडेतीन तासांच्या पुढे सहज जातो.

मी टी-२०चा शत्रू नाही. २००७चा विश्वचषक जिंकला तेव्हा मी चौथी-पाचवीत होतो. क्रिकेट मला त्याच दिवशी लागलं. रिव्हर्स स्कूप, संथ बाउन्सर, सीमारेषेवरचे झेल, ही त्याचीच देणगी आहे. पण क्रिकेटकडे एक गोष्ट अशी आहे जी बेसबॉलकडेही नाही. तिथे .३००ची सरासरी असलेला बॅटर उत्तम मानला जातो. दहातल्या सात वेळा तो अपयशी होतो आणि तासाभरात पुन्हा उभा राहतो. आपल्याकडे बाद झालेला माणूस उरलेला डाव पॅव्हेलियनमधून बघतो. संघासाठी विकेट स्वस्त झाली, तरी त्या माणसासाठी ती अजून पहिल्याइतकीच महाग आहे. स्ट्राइक रेटवरून दर मोसमात होणारी भांडणं याच फटीतून येतात.

१२ जूनच्या त्याच सामन्यात नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं. टीव्हीसमोर आम्ही दोन सेकंद गप्प झालो. हे गप्प होणं मला क्रिकेटमधलं सर्वांत मोलाचं वाटतं, कारण बेसबॉलमध्ये तोच विराट पुढे आणखी तीनदा आला असता. पण थोड्याच वेळात आम्ही पिझ्झाची ऑर्डर देत होतो. भारताने तो सामना दहा चेंडू राखून जिंकला. खिशात सात विकेट तशाच उरल्या होत्या. १९७५ला लॉर्ड्सवर उरल्या होत्या, तेवढ्याच.