शिवलेला डोळा

ज्याँ-दोमिनिक बोबीच्या ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’ला कुणी ‘जिद्दीची कहाणी’ म्हटलं की मला खटकतं. डिसेंबर १९९५ मध्ये या फ्रेंच संपादकाला स्ट्रोक आला. विचार शाबूत, शरीर बंद. हातात उरली ती डाव्या डोळ्याची पापणी. तिच्या उघडझापीतून एकेक अक्षर सांगत त्याने पुस्तक पुरं केलं. हे थोर आहेच. पण स्ट्रोक एकदा येऊन जातो, त्यामागची गुंतागुंत रोज येते.

उजवी पापणी मिटेना. बुबुळाला जखम होऊ नये म्हणून ती शिवून टाकली. ज्युलियन श्नाबेलच्या २००७ च्या सिनेमात कॅमेरा त्या डोळ्याच्या आत बसतो. टाके पडत जातात, अंधार उतरतो. माझ्या मते सिनेमातला हा सर्वांत खरा प्रसंग. पुढे मात्र सिनेमा कोसळत्या हिमकड्यांच्या देखण्या दृश्यांत रमतो.

पुस्तकात स्वतःची लाळ गिळता येणं हेच मोठं सुख वाटतं. गिळता येत नसेल तर तीच लाळ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मार्च १९९७ मध्ये पुस्तक आलं आणि काही दिवसांतच बोबी न्यूमोनियाने गेला. जिद्द कमी पडली नव्हती. म्हणून वाचताना त्या पापणीइतकंच घशाकडेही लक्ष ठेवा.