मुलांच्या हाती कोणते भय द्यावे?

अद्भुतरम्य कादंबऱ्या मुलांना जगापासून पळवून नेतात आणि भयाण भविष्यकाळाच्या कादंबऱ्या त्यांचा जगावरचा विश्वास उडवितात, असे दोन आक्षेप पालक व शिक्षक एका दमात घेतात. एकीकडे पुस्तक फार गोड ठरते, दुसरीकडे फार कडू. मुलाला काय सोसते याचा निवाडा मात्र दोन्हीकडे त्याला न विचारताच झालेला असतो.

उर्सुला ल ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) घ्या. शेळ्या राखणारा गेड मांत्रिकांच्या शाळेत जातो, ईर्ष्येला पेटून नको ती विद्या चालवितो आणि एक काळी छाया जगात मोकळी सोडतो. प्रथम तो तिच्यापुढे पळतो, मग वळून तिचाच पाठलाग करतो. अखेरची गाठ पडते तेव्हा तिला तो स्वतःच्याच नावाने हाक मारतो. ज्या अद्भुतात शत्रू आपणच निघतो, त्याला पळवाट कसे म्हणावे? शाळेतील चढाओढीत होरपळणाऱ्या मुलाला इतके जवळचे पुस्तक क्वचितच मिळेल.

लोइस लोरी यांच्या 'द गिव्हर' (१९९३) या कादंबरीवर अमेरिकेतील शाळांतून व ग्रंथालयांतून वारंवार आक्षेप घेतले गेले. दुःख, रंग आणि आठवणी काढून टाकलेल्या एका नीटनेटक्या समाजात बारा वर्षांच्या जोनासवर साऱ्यांच्या वतीने आठवणी सांभाळण्याचे काम येते. तेथे नकोशा माणसाची 'सुटका' केली जाते. एका तान्ह्या मुलाची सुटका आपले वडीलच करताना जोनास पाहतो आणि त्या शब्दाचा अर्थ त्याला कळतो. आपणही मुलांना 'देवाघरी गेले' असे सांगतो, पण त्यात माया असते. येथे तसाच मऊ शब्द हत्येवर पांघरूण घालतो. मोठ्यांचे शब्द पारखून घ्यावेत, हे या पुस्तकाइतके स्पष्टपणे कोणतेही नीतिपाठ शिकवीत नाहीत.

सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'बद्दल (२००८) माझे मन थोडे साशंक आहे. चोवीस मुलांच्या जीवघेण्या खेळाचा तमाशा पाहणाऱ्या राजधानीचा लेखिका धिक्कार करते. परंतु कथनाचा वेग असा की वाचकही त्या प्रेक्षकांत जाऊन बसतो. म्हणून पुस्तक काढून घेऊ नये. वाचून झाल्यावर एवढेच विचारावे : 'कोण मरावे असे तुला वाटत होते?'

ऑर्वेलची '१९८४' (१९४९) मी याहून उशिरा देईन. ती भीतिदायक आहे म्हणून नव्हे; भय मुलांना पचते. परंतु विन्स्टन अखेरीस आपल्या छळकर्त्यावरच प्रेम करू लागतो, आणि लेखक एकही दार उघडे ठेवीत नाही. आपल्या कृतीने काही बदलते, हा अनुभव ज्याने अजून घेतला नाही त्याच्या हाती हा पराभव आधी पडू नये.

भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा त्यांनी मुलांच्या कल्पनाशक्तीवर विश्वास टाकला होता. आता तोच विश्वास त्यांच्या विवेकावर टाकायला हवा. शिफारस करताना मुलाचे वय आणि पुस्तकाची पृष्ठसंख्या पाहण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी : शेवटचे पान उलटल्यावर मुलाला काही करावेसे वाटते, की नुसते हताश बसावेसे वाटते?