भुंकणाऱ्याला बक्षीस कोण देते?

बी.एड.च्या अभ्यासक्रमात थॉर्नडाइकची मांजर, पाव्हलॉवचा कुत्रा आणि स्किनरचा उंदीर आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. परीक्षेत पाच गुणांची टीप लिहून झाली, की हे तिन्ही प्राणी आपल्या आयुष्यातून निघून जातात. आमच्याकडे त्यांपैकी कुत्रा तेवढा परत आला, आणि तोही मुकाट्याने लाळ गाळणारा नव्हे.

तिचे नाव गोटी. पांढरी, झुबकेदार, जेमतेम मांजरीएवढी. आपल्याकडे जिला सर्रास पॉमेरियन म्हणतात आणि जाणकार इंडियन स्पिट्झ म्हणतात, त्या जातीची. राहायला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि दाराबाहेर सर्वांचा जिना. जिन्यात चप्पल वाजली की गोटी भुंकणार, जेवायला पाने घेतली की भुंकणार, आणि आम्ही शाळेत गेलो की शेजारच्या आजींच्या सांगण्याप्रमाणे दुपारभर भुंकणार. अखेर सोसायटीच्या सभेत विषय निघाला. ‘गावाकडे सोडून या’ असा सल्ला मिळाला आणि महिन्याभराची मुदतही. त्या महिन्यात आम्ही कॅरेन प्रायर यांचे ‘डोन्ट शूट द डॉग!’ हे इंग्रजी पुस्तक पुन्हा काढले. पुन्हा म्हणण्याचे कारण, पहिल्यांदा ते शिक्षक म्हणून वाचले होते आणि ‘छान आहे’ म्हणून कपाटात ठेवून दिले होते. गरज नसताना वाचलेले पुस्तक आणि गरजेपोटी वाचलेले पुस्तक ही दोन वेगळी पुस्तके असतात.

पुस्तक १९८४ सालचे आहे. १९९९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. लेखिकेने १९६३ पासून हवाई बेटांवरील सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिनना शिकवण्याचे काम केले. पुस्तकाचे सारे वळण या एका गोष्टीतून आले आहे. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्याला चापट मारता येत नाही. रागावलात तर तो तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. म्हणजे शिक्षा हे हत्यार शिकवणाऱ्याच्या हातातून आधीच काढून घेतलेले. उरते ते प्रबलन. हवी ती कृती घडली की त्याच क्षणी शिट्टी वाजवायची आणि मग मासळी द्यायची. शिट्टी ही ‘हेच, आत्ता केलेस तेच’ असे सांगणारी खूण. स्किनरने १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला, त्यातही अशाच टिक् वाजणाऱ्या स्वस्त खेळण्याची शिफारस आहे. प्रायरबाईंचे श्रेय असे, की प्रयोगशाळेतले हे ज्ञान त्यांनी घरगुती भाषेत आणले.

आमच्या कामाचे होते ते चौथे प्रकरण. नको असलेले वर्तन कसे घालवावे याच्या आठ पद्धती तेथे दिल्या आहेत. पहिली, प्राण्यालाच नाहीसे करणे. पुस्तकाचे नाव हिच्यावरूनच आले आहे, आणि आमच्या सोसायटीने सुचवलेली पद्धतही हीच होती. मग शिक्षा, मग ऋण प्रबलन, म्हणजे त्रासदायक काही चालू ठेवून वर्तन थांबताच ते बंद करणे, मग विलोपन, म्हणजे दुर्लक्ष. पुढे विसंगत वर्तन शिकवणे (कुत्रा आडवा पडून सहसा भुंकत नाही), ते वर्तन आज्ञेला बांधून टाकून मग आज्ञाच न देणे, वर्तनाच्या अभावाला बक्षीस देणे, आणि शेवटची आठवी, वर्तनामागची प्रेरणाच बदलणे. एकाच अडचणीला आठही पद्धती लावून दाखवणारे तक्ते सोबत आहेत. रात्रभर भुंकणारा कुत्रा त्यांत आहे, तसेच खोलीतल्या सोबत्याचे मळके कपडे, गाडीत गोंगाट करणारी मुले, उद्धट बस-ड्रायव्हर आणि टेनिसमधला चुकीचा फटकाही आहे. हे तक्ते वाचताना हसू येते. शिक्षणशास्त्रावरचे हसू आणणारे पुस्तक आम्ही तरी फार पाहिलेले नाही.

पुस्तकाचा खरा उपयोग कोठे झाला ते आधी सांगतो. त्याने प्रश्नाचे तोंड फिरवले. ‘ही का भुंकते?’ याऐवजी ‘भुंकल्यावर हिला काय मिळते?’ असे आम्ही विचारू लागलो. थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम याहून वेगळे काय सांगतो? पण टीप लिहिताना तो मांजरीला लागू होता. आता आम्हाला लागू झाला. एक वही केली आणि गोटी भुंकली की पुढच्या क्षणी घरात काय घडते ते लिहू लागलो. तीन दिवसांत वही वाचवेना. भुंकली की आम्ही ‘गप्प बस’ म्हणून ओरडत होतो. तिच्या लेखी बहुधा आम्हीही भुंकण्यात सामील होत होतो. पाहुणे आले की तिला उचलून कडेवर घेत होतो. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हे कोणी करणार नाही. लहान कुत्र्याची ही खास सोय, आणि तेच त्याचे बक्षीस. पार्सलवाला आला, ती भुंकली, पार्सल देऊन तो जिना उतरून गेला. तो आपल्या कामाने गेला हे आपल्याला ठाऊक. गोटीच्या हिशेबी तिने त्याला हाकलले. असा विजय तिला रोज दोन-तीनदा मिळत होता. जेवताना भुंकली की आई पोळीचा तुकडा टाकत होती, तोही ‘गप्प बसावी म्हणून’.

जेवणाच्या वेळचे भुंकणे आम्ही विलोपनाने घालवायचे ठरवले. पहिले चार दिवस भुंकणे वाढले. हे अपेक्षितच असते. बक्षीस थांबले की वर्तन आधी उसळी घेते. पाचव्या दिवशी आईला राहवले नाही. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ सालच्या ग्रंथात बक्षिसाच्या वेगवेगळ्या वेळापत्रकांचा अभ्यास मांडला आहे. मधूनमधून बक्षीस मिळालेले वर्तन सतत बक्षीस मिळालेल्या वर्तनापेक्षा अधिक चिवट असते, हे त्या संशोधनाने पक्के केले. आईचा तो एक तुकडा आम्हाला आणखी दहा दिवसांना पडला. ‘बिचारी किती वेळ भुंकली’ म्हणून दिलेला तुकडा जास्त वेळ भुंकायलाच शिकवतो, हे आईला पटवणे गोटीला शिकवण्यापेक्षा अवघड गेले. पण अखेर जेवणाचे भुंकणे गेले.

जिन्यातल्या भुंकण्यावर मात्र दुर्लक्षाचा काडीचा उपयोग झाला नाही. भुंकण्यातच कुत्र्याला बक्षीस मिळत असल्याने ही पद्धत येथे क्वचितच चालते, असा इशारा पुस्तकात आहे. तो आम्ही नीट वाचला नव्हता. आज्ञेला बांधण्याची सहावी पद्धतही करून पाहिली. ‘बोल’ म्हटले की गोटी भुंकायला शिकली, आणि न म्हटले तरी पूर्वीसारखीच भुंकत राहिली. पाहुण्यांची करमणूक झाली एवढेच. लागू पडली ती पाचवी आणि सातवी मिळून. चाहूल लागताच तिला तिच्या गोणपाटावर बोलवायचे, आडवी पडली की दाणा द्यायचा. मग आडवे पडून गप्प राहण्याची वेळ थोडी थोडी वाढवायची.

येथे पुस्तकाशी आमचे पहिले भांडण. तक्त्यातले भुंकणे एकच आहे, रात्री अंगणात एकट्या पडलेल्या कुत्र्याचे. आमच्या घरात मात्र तीन भुंकणी होती आणि तिघांची कारणे निराळी. बुडापेस्टच्या विद्यापीठातील पोंग्राच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलेले भुंकणे लोकांना ऐकवले, तेव्हा कुत्रा अनोळख्यावर भुंकतो आहे, एकटा पडला आहे की खेळतो आहे, हे ऐकणाऱ्यांना निव्वळ योगायोगापेक्षा बरेच अधिक वेळा ओळखता आले. म्हणजे ‘भुंकणे’ हे एक वर्तन नव्हेच. आठ पद्धतींतून एक निवडण्याआधी कोणते भुंकणे ते ठरवायला हवे, आणि त्यासाठी तक्ता नव्हे, वही लागते.

दुसरे भांडण आठव्या पद्धतीबद्दल. भुंकणारे कुत्रे एकटे असते, भ्यालेले असते किंवा कंटाळलेले असते, हे लेखिकेला पुरते ठाऊक आहे. ही पद्धत सर्वांत मूलभूत आणि सर्वांत मायेची, असे तिचेच मत आहे. मग ती यादीत शेवटी का? बंदुकीपासून सुरुवात करून मायेपर्यंत येण्यात विनोद साधतो, हे खरे. पण घाईतला वाचक दुसऱ्या-तिसऱ्या पद्धतीवरच थांबतो. विजेचा झटका देणारे गळपट्टे अशाच वाचकांच्या जिवावर खपतात. वेल्समध्ये २०१० साली त्यांवर बंदी घालावी लागली. गोटीचे दुपारचे भुंकणे, जे शेजाऱ्यांना खरे छळत होते, ते आठव्या पद्धतीवाचून हललेच नाही. सकाळी दमेपर्यंत फिरवणे, तिची जागा जिन्यापासून दूर आतल्या खोलीत नेणे, आणि एकटे राहण्याची सवय आधी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा अशी लावणे. याला महिना पुरला नाही. सोसायटीकडून मुदत वाढवून घ्यावी लागली. शेजारच्या आजींनी आमच्या बाजूने शब्द टाकला म्हणून ती मिळाली.

तिसरी गोष्ट शिक्षकांशी थेट संबंधित आहे. कुत्रा, सोबती आणि गाडीतली मुले यांना लेखिका एकाच पंक्तीला बसवते. नियम सर्वांना सारखे लागू आहेत हे दाखवायला ते ठीकच. गोंगाट करणाऱ्या मुलांची भूक आणि थकवा पाहा, असेही ती सांगते. पण गोटी का भुंकते हे आम्हाला तीन दिवस वही लिहून तर्काने काढावे लागले, कारण तिला विचारायची सोय नव्हती. मागच्या बाकावर बडबडणाऱ्या मुलाबाबत ती सोय आहे. त्याची गणिते आधीच झाली असतील, किंवा त्याला फळा दिसत नसेल. आमच्या वर्गातल्या एका मुलाला आम्ही सहामाहीपर्यंत ‘शांत बसल्याबद्दल’ वहीवर तारे देत होतो, आणि तो शांत बसतही होता. त्याला चष्मा लागला आहे हे दिवाळीनंतर कळले. तक्त्याप्रमाणे सातवी पद्धत यशस्वी झाली होती.

एवढे भांडूनही हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे असे आम्हाला वाटते. मात्र चौथे प्रकरण शेवटच्या पद्धतीपासून सुरू करून मागे मागे वाचावे.

गोटी अजून आमच्याकडेच आहे. घंटागाडी आली की दोनदा भुंकते. ते भुंकणे घालवण्याच्या भानगडीत आम्ही पडलेलो नाही. कचऱ्याचा डबा खाली न्यायची आठवण त्यानेच होते.