समुद्रकाठचा कठडा: स्वस्त कशाला म्हणायचं?

समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यांवर आपल्याकडे एक ठरावीक कठडा दिसायला लागला आहे. चकचकीत स्टीलचे गोल पाइप, तीन किंवा चार आडव्या दांड्या, खांबाच्या डोक्यावर एक गोळा. उद्घाटनाच्या फोटोत तो फार छान दिसतो. माझी तक्रार अशी आहे की तो फोटोसाठीच निवडलेला असतो, आणि निवडताना त्याला "किफायतशीर" हा शब्द लावलेला असतो. आज मला या शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

स्टेनलेस स्टील ही एक वस्तू नव्हे, ते एक घराणं आहे. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316 मध्ये त्याशिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या हवेतलं क्लोराइड पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे पाडतं, त्याला जो काही विरोध होतो तो मुख्यतः या दोन-तीन टक्क्यांमुळे. आणि तिसरा भाऊ 202. त्यात महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. स्वयंपाकघरात तो ठीक आहे, समुद्रावर नाही. निविदेत नुसतं "स्टेनलेस स्टील रेलिंग" लिहिलं की ठेकेदार 202 आणणार. त्याला दोष कसा द्यायचा? तुम्ही मागितलं तेच त्यानं दिलं.

बरं, तपासायला साहेब येतात आणि खिशातून लोहचुंबक काढतात. चिकटलं नाही, म्हणजे माल चांगला! अहो, 202 ला सुद्धा चुंबक जवळजवळ चिकटत नाही. मॉलिब्डेनम आहे की नाही हे रसायनाचा थेंब टाकून जागेवर कळतं, पण तो थेंब टाकायचा असं कंत्राटात लिहावं लागतं.

316 आणलं तरी काम संपत नाही. पाऊस चार महिने दांडी धुऊन काढतो, उरलेले आठ महिने मीठ साचत राहतं. दांडीच्या खालच्या बाजूला, जिथं पावसाचं पाणी नीट पोचतच नाही, तिथं चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग आधी दिसतात. खरखरीत मॅट फिनिश असेल तर आणखी लवकर, कारण मीठ त्या ओरखड्यांत बसतं. म्हणजे महाग स्टील घेतलं की गोड्या पाण्यानं धुण्याची व्यवस्थाही घ्यायला हवी. ती अंदाजपत्रकात कुठं असते?

आता जस्ताकडे या. साधं लोखंड सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचं, हे गॅल्व्हनाइझिंग. दिसायला राखाडी, उद्घाटनाला न शोभणारं. जाड लोखंडावर थर 85 मायक्रॉनचा बसतो, रेलिंगच्या पातळ पाइपावर 55 ते 70. समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षाला चार ते आठ मायक्रॉन जातात. वाईटात वाईट धरलं तर सात वर्षं, बरं धरलं तर पंधरा. समजा, रंगवलेल्या लोखंडाला 100 रुपये लागतात आणि दर दोन वर्षांनी खरवडून रंगवायला 30. बारा वर्षांत पाच वेळा रंग, म्हणजे 250. गॅल्व्हनाइज्डला सुरुवातीला 150, मध्ये एकदा रंग, 180. आकडे माझ्या सोयीचे आहेत, कबूल. तुमच्या नगरपरिषदेचे खरे दर घाला आणि बघा. पण निविदा उघडते त्या दिवशी 100 विरुद्ध 150 एवढंच दिसतं, आणि 100 जिंकतो.

तरीही मला विचाराल तर कठडा धातूमुळे कमी मरतो, सांध्यामुळे जास्त. जस्त चढवलेला पाइप जागेवर आणून वेल्डिंग केलं की त्या बोटभर जागेवरचं जस्त जळून जातं आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडला की बुंध्याशी पाणी साचतं, आणि पाच वर्षांनी तो मुळातून हलायला लागतो. वरून रंग मात्र छान! मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, त्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पत्रात पाऊस आणि खाऱ्या वाऱ्यानं नटबोल्ट गंजत असल्याचं म्हटलं होतं. पुतळा का पडला हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. पण खारं वारं आधी नटबोल्टाकडे जातं, ते असं. कठड्यावर तर लोक रेलतात, मुलं चढतात.

"मग सिमेंटचे नक्षीदार खांब लावा," असं कुणीतरी म्हणतंच. आपलंच मानक, आय.एस. 456, समुद्राच्या तुषारांच्या जागी सळईवर किमान 50 मिलिमीटर काँक्रीट मागतं. नक्षीचा खांब असतो चार इंची. दोन्हीकडून 50 सोडले तर सळई ठेवायची कुठं? म्हणून ती कडेलाच ठेवतात. गंजून ती फुगते आणि नक्षी फुटून खाली पडते.

मुंबईत मरीन ड्राइव्हला मात्र दांड्यांचं रेलिंगच नाही, रुंद कट्टा आहे. त्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत आणि त्याच्यावर भंगारवाल्याचा डोळा नाही. भर पावसात भरतीला तो पुरत नाही, तेव्हा माणसं हटवावीच लागतात. पण कोकणात जिथं जमीन पक्की आहे तिथं जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा, सळई नसलेला जाड कट्टा का सुचत नाही? बहुधा त्याला चमक नाही म्हणून. जेटीवर किंवा खाडीवरच्या पुलाला एवढं वजन झेपणार नाही, तिथं माझं मत गॅल्व्हनाइज्डला: कारखान्यात आधी भोकं पाडून मग बुडवलेलं, जागेवर वेल्डिंग नाही, आणि नटबोल्टसुद्धा जस्ताचेच.