एक घर, एक क्लोन: स्क्रॅचमधल्या ‘गेम ऑफ लाइफ’विषयी

जॉन कॉन्वेचा हा खेळ १९७० मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून लोकांपर्यंत पोचला. नियम थोडेच. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ते टिकतं, रिकाम्या घराला बरोबर तीन असले तर तिथे जन्म होतो. बाकी सगळं रिकामं.

स्क्रॅचमध्ये तो सर्रास कसा बांधतात? प्रत्येक घर म्हणजे एक क्लोन, आणि क्लोन आठही शेजाऱ्यांना विचारत बसतो, ‘आहेस का रे?’ दिसायला गोड आहे, नाही म्हणत नाही मी. पण स्क्रॅच ३०० च्या वर क्लोन देत नाही. १७ बाय १७ झाले की २८९, संपलं! बिल गॉस्परची ग्लायडर-तोफच मुळी ३६ घरं रुंद आहे, ती ठेवणार कुठे?

बरं, हे चालवून घेऊ. खरी अडचण पुढे आहे. क्लोन एकामागून एक बदलतात, आणि नियम तर सगळी घरं एकदम बदलतात असं धरून केलेला. आडवी तीन जिवंत घरं घ्या. पुढच्या पिढीत ती उभी व्हायला हवीत. आता वरून खाली, डावीकडून उजवीकडे जागच्या जागी बदलत चला: वरच्या ओळीत मधे जन्म होतो, तो बरोबर. पण त्याच्या उजवीकडचं घर या नवजातालाही मोजतं, त्याचे तीन भरतात, आणि तेही जन्मतं. चूक! मुलगा म्हणतो खेळ चालतोय, आणि चालत असतो तो भलताच खेळ.

म्हणून दोन लिस्ट हव्यात, एक आजची, एक शेजाऱ्यांच्या मोजणीची. ८० बाय ६० ची चौकट घ्या, ४८०० घरं. भोवती रिकाम्या घरांची एक कड ठेवली की ओळ ८२ ची होते, आणि शेजारी म्हणजे क्रमांकात १, ८१, ८२, ८३ मिळवा किंवा वजा करा. कडेला पोचलो का, हे तपासणं गेलं. शिवाय प्रत्येक घराने आठांना विचारलं तर ३८,४०० वेळा विचारणं होतं. उलट करा: जिवंत घरानेच आठ शेजाऱ्यांच्या खात्यात एकेक टाकावा. ४८० घरं जिवंत असतील तर ३,८४० बेरजा.

आणि रंगवणं! साध्या लूपमध्ये ठसा मारला की स्क्रॅच पुढच्या फ्रेमपर्यंत थांबतो. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ४८०० ठशांना १६० सेकंद, एका पिढीला! स्वतःचा ब्लॉक करून ‘रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश’वर खूण करा, आणि बदललेल्याच घरांवर ठसा मारा.

यावर आक्षेप असा, की आता ब्लॉकमध्ये शेजारी दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. आक्षेप खरा आहे. पण तो आकड्यांपेक्षा एकाच लांबलचक खांबात सगळं रचण्यावर जास्त लागू पडतो. ‘शेजारी मोज’, ‘पिढी ठरव’, ‘बदल रंगव’ असे तीन ब्लॉक करा. कॉन्वेचा नियम सगळाच्या सगळा मधल्यात राहतो, आणि ८२, ८३ फक्त पहिल्यात.