योगायोगाच्या पलीकडची चौकट

चर्चगेट स्थानक, 1995. रघू राय यांनी शटर अंमळ जास्त वेळ उघडं ठेवलं आणि धावती गर्दी धुरासारखी विरघळून गेली. वर्तमानपत्रात डोकं खुपसलेली मोजकी माणसं मात्र ठळक राहिली. मुंबईकरांच्या रोजच्या डोळ्यांखालचं हे दृश्य. तरी या छायाचित्रात ते नव्याने भेटतं.

रस्त्यावरचे बेसावध क्षण टिपणारे आज उदंड आहेत. मोबाइल खिशात आहेच, शिवाय भुलेश्वर, ससून डॉक इथे फोटोवॉकला जाणारे हौशी गटही आहेत. त्यांची तांत्रिक सफाई वाखाणण्यासारखी असते. पण बरीच छायाचित्रं एकाच युक्तीवर उभी असतात: जाहिरातीतला हात आणि पादचाऱ्याचं डोकं नेमकं जुळवायचं, किंवा उन्हाच्या तिरिपीत एकुलती सावली पकडायची. गंमत कळली की चित्र संपतं.

दोष अशा जुळणीचा नाही. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचं 1932 सालचं, पॅरिसच्या सेंट-लाझार स्थानकामागचं छायाचित्र पाहा. साचलेल्या पाण्यावरून एकाने उडी घेतली आहे, टाच पाण्याला टेकायला निमिषभर अवकाश आहे, आणि मागच्या पोस्टरवर एक नर्तकी तशीच झेपावली आहे. पण नजर एवढ्यावर सुटत नाही. ज्या शिडीवरून तो निघाला ती पाण्यात आडवी पडली आहे, पाण्यावर त्याचं उलटं प्रतिबिंब आहे, आणि मागे कुंपणापाशी आणखी एकजण उभा आहे, त्या उडीशी काहीच देणंघेणं नसल्यासारखा. चौकटीतल्या प्रत्येकाचं आपलं काही चाललेलं आहे. उत्तम रस्ताचित्राची खरी श्रीमंती हीच.

रघुवीर सिंग यांच्याकडे ती रंगांसकट आली. गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवलच, असं मानलं जाण्याच्या काळात त्यांनी रंगीत फिल्म धरली आणि भारतीय नजरेला रंग उपजतच आहे, हे आग्रहाने मांडलं. 1967 साली बिहारमध्ये मुंगेरला त्यांनी टिपलेल्या चार स्त्रिया भर पावसात एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. ओल्या साड्या अंगाला चिकटल्या आहेत. पावसाचं कौतुक आणि पावसाचा मार, दोन्ही एकाच चौकटीत. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक 1994 मध्ये आलं. केतकी शेठ यांचं ‘बॉम्बे मिक्स’ 2007 मधलं. सूनी तारापोरवाला तर 1977 पासून हे शहर टिपत आल्या. त्यांच्या कामातला जिव्हाळा एका रविवारच्या फेरीत साधणारा नव्हे.

आज उणीव आहे ती अशा मुक्कामाची. विसर्जन, वारी, वाराणसीचे घाट इथे कॅमेऱ्यांची दाटी होते. रेशनच्या रांगेकडे, सरकारी दवाखान्याच्या बाकांकडे क्वचित कुणी वळतं. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो काढण्यात तर धाडसही नाही आणि कलाही नाही, कारण तो नाही म्हणूच शकत नाही.

शहर तर झपाट्याने बदलतंय. 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली आणि दारात लटकून वारा खाणाऱ्या प्रवाशाऐवजी बंद दाराच्या काचेला टेकलेला प्रवासी आला. त्याचे हावभाव वेगळे, त्याची गर्दी वेगळी. वर्षानुवर्षं त्याच गाडीने जाणाऱ्या, हातात कॅमेरा असलेल्या कुणीतरी त्याला टिपण्याचं काम आता हाती घ्यायला हवं.